तीन कुलपांची पेटी

कुलूप आणि किल्ली या जोडीइतकी मनुष्याच्या नित्य परिचयाची जोडी क्वचितच दुसरी असेल. आमच्या घरी कोंकणी बोलली जाते. तेथे किल्लीला आम्ही 'चावी' म्हणतो. हा शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आला आणि कोंकणीत काय, मराठीत काय, इतका रुळला की त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. ज्याच्या हाती चावी त्याच्या हाती घर, हा व्यवहार आपण लहानपणापासून पाहतो. सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या कमरेला गेला की घरातील सत्ता पालटली असे समजावे! परंतु धन एकाचे नसून अनेकांचे असेल, तर चावी कोणी सांभाळावी? एकाने सांभाळावी तर इतरांच्या मनात धाकधूक; सर्वांना एकेक द्यावी तर चोराला तितक्या वाटा मोकळ्या. हा प्रश्न पुरातन आहे. तथापि गेल्या वर्षी तो अगदी नव्या वेषात माझ्यापुढे येऊन उभा राहिला, म्हणून त्याविषयीचे माझे मत या वार्षिकांकात मांडावे असे वाटले.

चतुर्थीच्या सुटीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. तो आता बंगळूरला संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने व त्याच्या तिघा मित्रांनी नोकरीच्या मिळकतीतून आठ-आठ इथर घालून इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर एक 'व्हॅलिडेटर' चालविला होता. त्या व्हॅलिडेटरच्या खासगी किल्लीचे चार वाटे करून प्रत्येकाने एकेक आपल्या यंत्रावर ठेवला होता. चारांपैकी कोणतेही तीन वाटे चालू असले म्हणजे काम होत असे. पुढे एक मित्र परदेशी गेला आणि त्याचे यंत्र बंद पडले. दुसऱ्याला या उठाठेवीचा कंटाळा आला. तेव्हा तिसऱ्याने सुचविले की हे चार ठिकाणचे ओझे कशाला? वाटे एकत्र करून सबंध किल्ली पुन्हा जुळवावी आणि ती माझ्या एकट्याच्या यंत्रावर ठेवावी. सूचना सोयीची होती, मित्रही विश्वासू होता. "पण बाई, मन घेत नाही. तुम्हांला काय वाटते?" असे त्याने मला विचारले.

मी कलाशाखेची पदवीधर; मराठी आणि इतिहास शिकविते. यंत्रांच्या या विद्येत मला काय कळणार? परंतु त्याने दोन दिवस बसून सर्व समजावून सांगितले, आणि माझ्या ध्यानात आले की प्रश्न यंत्राचा नाहीच, तो माणसांचा आहे.

प्रथम मूळ वस्तू समजून घेऊ. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून लिहिलेली जमाखर्चाची वही. तिची एकच एक प्रत कोणा कारकुनाच्या कपाटात नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तीच वही सारखी लिहिली जाते. इथेरियमच्या वहीतील नोंदी खऱ्या आहेत अशी साक्ष देण्याचे काम १५ सप्टेंबर २०२२ पासून व्हॅलिडेटर करतात. असा साक्षीदार होण्यासाठी निदान ३२ इथर ठेव म्हणून ठेवावे लागतात. साधारणपणे दर साडेसहा मिनिटांस त्याची एकदा साक्षीची पाळी येते, आणि ती साक्ष त्याने आपल्या खासगी किल्लीने सही करून द्यावयाची असते. काम नीट केले तर थोडा मोबदला मिळतो. गैरहजर राहिला तर थोडे नुकसान होते. परंतु एकाच पाळीत त्याने दोन परस्परविरुद्ध सह्या केल्या, तर तो लबाड ठरतो. ठेवीतून दंड वजा होऊन त्याला कायमचे बाहेर काढले जाते. गैरहजेरी क्षम्य, पण दुटप्पीपणा अक्षम्य, असा हा न्याय आहे. शाळेतही याहून वेगळा न्याय नसावा.

आता ही खासगी किल्ली म्हणजे काय? ती लोखंडाची नाही, पितळेची नाही. ती केवळ एक संख्या आहे, सुमारे ७७ अंकांची. ही संख्या ज्याला ठाऊक, त्याची सही ही व्हॅलिडेटरची सही. ती हरवली तर अर्ज करावा असे कार्यालय नाही. चोरीस गेली तर फिर्याद ऐकून नवी देणारा अधिकारी नाही. ठेव काढून घेण्याची किल्ली निराळी असते, त्यामुळे साक्षीची किल्ली चोरणाऱ्याला ठेव थेट पळविता येत नाही हे खरे. परंतु खोट्या सह्या करून तो मालकाला दंडास पात्र करू शकतो, आणि तेवढी धमकी पुरेशी असते.

म्हणून या किल्लीचे वाटे करण्याची युक्ती निघाली. वाटे करावयाचे म्हणजे ७७ अंकांच्या कागदाचे चार तुकडे फाडावयाचे असे मात्र नव्हे. तसे केले तर एक तुकडा हरवताच सर्व बुडाले, आणि प्रत्येक तुकडा हाती आलेल्यास पाव गुपित फुकट कळले! खरी युक्ती १९७९ मध्ये आदी शमीर या इस्रायली गणितज्ञाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली या अमेरिकन गणितज्ञानेही स्वतंत्रपणे दुसऱ्या वाटेने तेच साधले. शमीरने आपल्या लेखाच्या आरंभी एक जुने कोडे दिले आहे. अकरा शास्त्रज्ञांचे कागद कपाटात आहेत; कोणतेही सहाजण जमले तर कपाट उघडावे, पाच जमले तर उघडू नये. साध्या कुलपांनी हे साधावयाचे तर किती कुलपे लागतील? उत्तर आहे ४६२ कुलपे, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या! गणिताच्या मुलांनी हे उत्तर स्वतः काढून पाहावे.

शमीरने कुलपे टाकून दिली आणि वक्ररेषा हाती घेतली. दोन बिंदू ठाऊक असले की सरळ रेषा ठरते; तीन बिंदू ठाऊक असले की एक विशिष्ट जातीचा वक्र ठरतो. गुपित त्या वक्राच्या आरंभस्थानी ठेवावे आणि पुढचे बिंदू एकेकाला वाटावे. लहानसे उदाहरण घेऊ. चौघांना अनुक्रमे ८, १३, २० आणि २९ या संख्या दिल्या. त्यांतील फरक ५, ७, ९. म्हणजे फरक दर खेपेस २ ने वाढतो. समजा पहिला मनुष्य हजर नाही, आणि उरलेल्या तिघांनी १३, २०, २९ एकत्र ठेवल्या. फरक ७ आणि ९. वाढ २ ची. आता मागे चला. सातापूर्वीचा फरक ५, म्हणून तेरापूर्वीची संख्या ८. त्यापूर्वीचा फरक ३, म्हणून आठापूर्वीची संख्या ५. हे पाच म्हणजेच गुपित! परंतु दोघेच जमले आणि त्यांच्यापाशी १३ आणि २० एवढेच असले तर? वाढ किती हे त्यांना ठाऊक नाही. वाढ १ धरली तर उत्तर २ येते, ३ धरली तर ८ येते. प्रत्यक्षात हे गणित एका प्रचंड मूळसंख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर, घड्याळाच्या तासांसारखे फिरते ठेवून करतात. त्यामुळे दोघांना गुपित कळत नाही इतकेच नव्हे, तर त्याचा अंदाजही बांधता येत नाही. तिसरा आला की सर्व कळले. तो येईपर्यंत काहीच कळले नाही. अर्धवट ज्ञान असे येथे नाहीच.

याहूनही नवलाची गोष्ट पुढे आहे. इथेरियमवर जी सहीची पद्धत वापरतात, तिच्यात सबंध किल्ली न जुळविताही सही होऊ शकते. प्रत्येकजण आपल्या वाट्याने आपापल्या यंत्रावर आंशिक सही करतो, आणि अशा तीन आंशिक सह्या एकत्र आल्या की त्यांतून पूर्ण सही तयार होते. किल्ली कोणाच्याच हाती पूर्ण येत नाही, सही मात्र पूर्ण होते! इतकेच काय, आरंभी किल्ली निर्माण करतानाच चौघांनी मिळून ती अशी निर्माण करता येते की, सबंध किल्ली जगात एक क्षणभरही कोठे अस्तित्वात नव्हती. भजनात प्रत्येकाचा सूर निराळा, पण अभंग एकच. त्यातलाच हा प्रकार.

मग वाटे एकत्र करून सबंध किल्ली जुळविण्याची पाळी येतेच का? येते. मंडळी फुटतात, यंत्रे बंद पडतात, एक व्यवस्था सोडून दुसरीकडे जावेसे वाटते. वाटे जपून ठेवलेले असले तर वर सांगितलेल्या रीतीने किल्ली जुळविणे संगणकाला क्षणाचे काम आहे. जपलेले नसले, तर मात्र ब्रह्मदेवालाही ते शक्य नाही. जून २०२१ मध्ये इस्रायलमधील तेल अवीवच्या न्यायालयात असा एक दावा दाखल झाला. ज्या किल्लीवाचून ३८,१७८ इथर परत मिळणे शक्य नव्हते, तिच्या वाट्यांची सुरक्षित प्रत राहिली नाही, अशी तक्रार होती; एका पक्षाने दुसऱ्यास दोष दिला आणि दुसऱ्याने तो नाकारला. दोष कोणाचा हे आपण ठरवू नये. परंतु न्यायालय हरवलेली संख्या परत देऊ शकत नाही, एवढे तरी त्यावरून शिकावे.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वाटलेल्या किल्ल्यांची व्यवस्था वापरणाऱ्या सुमारे चाळीस व्हॅलिडेटरांवर एकाच दिवशी दुटप्पी सहीचा दंड झाला. व्यवस्थेचे गणित चुकले नव्हते. वाटे आपल्या ठिकाणी सही करीत असता तीच किल्ली त्या व्यवस्थेबाहेर दुसरीकडेही चालू झाली होती. दोन्ही ठिकाणची माणसे बहुधा प्रामाणिकच असतील. परंतु एका नावाने दोन मुखे बोलू लागली, आणि यंत्राला हेतू कळत नाही, फक्त सह्या कळतात.

हे सर्व ऐकत असता मला आमच्या घरातली एक जुनी हकिकत आठवली. माझ्या जन्मापूर्वीची ती गोष्ट. आजीने मला कितीदा तरी सांगितलेली. एका गावच्या देवस्थानात माझे आजोबा कारकून होते. देवीचे दागिने ठेवण्याची तेथे एक शिसवी पेटी होती आणि तिला तीन कुलपे होती. तीन चाव्या तीन महाजनांकडे. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडावयाची नाही असा शिरस्ता होता. एका वर्षी जत्रेच्या तोंडावर तिघांतले वयोवृद्ध महाजन वारले आणि त्यांची चावी काही केल्या सापडेना. देवी दागिन्यांवाचून पालखीत कशी बसणार? अखेर लोहाराला बोलावून कुलूप फोडावे लागले. त्या लाजिरवाण्या प्रसंगाने घाबरून मंडळींनी असे ठरविले की तिन्ही चाव्यांची दुसरी प्रत करून ती कारकुनापाशी ठेवावी. तो सज्जन मनुष्य आहे. आजोबांनी नम्रपणे सांगून पाहिले की हे बरे नव्हे. परंतु थोरांपुढे त्यांचे चालले नाही.

पाच वर्षे सुरळीत गेली. पेटीला तीन कुलपे दिसत होती, पण खरे पाहता ती एकच होती. सहाव्या वर्षी मोजदादीत सोन्याची एक साखळी कमी भरली. कोणी उघड बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती. तिन्ही चाव्या कोणाकडे, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. आजोबांनी चाव्या महाजनांपुढे ठेवल्या आणि घरी येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत. चार महिन्यांनी साखळी सापडली. ती दुरुस्तीस सोनाराकडे गेली होती आणि वहीत नोंद करावयाची राहून गेली होती. सर्वांनी हळहळ व्यक्त केली. परंतु आजोबा पुन्हा त्या पायऱ्या चढले नाहीत. आजी म्हणत असे, "साखळी मेळ्ळी, पूण ते चार म्हयने कोण परत दिवपाचो?" साखळी मिळाली, पण ते चार महिने कोण परत देणार?

या हकिकतीत दोन चुका आहेत, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली चूक अशी की तीनपैकी तिन्ही चाव्या लागतील असा नियम केला. एका मनुष्याच्या मृत्यूने सर्वांचा व्यवहार अडला. शमीरच्या गणिताने ही चूक दुरुस्त केली आहे. चारांपैकी तीन पुरतात म्हणजे एकाच्या मरणाला, आजाराला, परदेशगमनाला जागा ठेवलेली असते. दुसरी चूक मात्र कोणतेही गणित दुरुस्त करू शकत नाही. कारण ती गणिताची नव्हे, सोयीच्या मोहाची चूक आहे. अडचण आली म्हणून सर्व चाव्या एका हाती दिल्या. तो हात प्रामाणिक होता. म्हणूनच तर तो अधिक पोळला!

कोणी म्हणेल, "मित्रामित्रांत एवढा अविश्वास कशाला? चार यंत्रे चालविण्यापेक्षा एक चालविणे स्वस्त, आणि एका यंत्राची देखभाल सोपी." खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे, तो लहान नाही. परंतु वाटणीला अविश्वास म्हणणे मला मान्य नाही. वाटलेली किल्ली केवळ इतरांचे माझ्यापासून रक्षण करीत नाही. ती माझे इतरांच्या संशयापासूनही रक्षण करते. उद्या काही विपरीत घडले तर 'मी एकट्याने हे करूच शकत नव्हतो' असे ताठ मानेने सांगण्याचा हक्क प्रामाणिक मनुष्याला ती देते. किल्ली एका हाती आली की हा हक्क गेला. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुलूप बदलता येते, पण इथेरियमवर व्हॅलिडेटरची साक्षीची किल्ली बदलता येत नाही. एकदा ती जुळवून कोणी पाहिली की ती त्याला कायमची ठाऊक झाली. पुढे पुन्हा वाटे केले तरी जुने ज्ञान पुसता येत नाही. चौघांचा वाडा मोडून एकाचे घर केले, आणि वर चौघांच्या नावाची पाटी तशीच ठेवली, असा तो प्रकार होतो.

म्हणून माझे मत मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, ते असे. किल्ली वाटणे हे हुशारीचे काम. ती पुन्हा जुळविणे हे जबाबदारीचे काम. म्हणून ती केव्हा जुळवावयाची, कोणी, कोणासमक्ष आणि त्यानंतर काय करावयाचे, हे वाटतानाच लिहून ठेवावे. भांडण झाल्यावर किंवा कोणी वारल्यावर नव्हे. आपापल्या वाट्याची प्रत प्रत्येकाने निराळ्या जागी जपावी. न जुळविता जे काम होईल ते जुळवून करू नये. काही उपायच नाही म्हणून जुळविण्याची वेळ आलीच, तर प्रथम सर्व वाटे चालविणारी यंत्रे बंद झाल्याची खात्री करावी, म्हणजे दोन मुखांनी साक्ष जाणार नाही. मग सर्वांच्या समक्ष किल्ली जुळवावी, तिच्याकडून एकच काम करून घ्यावे, ते म्हणजे व्हॅलिडेटरला निवृत्त करण्याचे. त्यानंतर पुन्हा काम करावयाचे असेल तर नवी किल्ली, नवे वाटे. सोयीसाठी जुळवून ठेवलेली किल्ली म्हणजे तीन कुलपांची ती पेटी आणि एका कारकुनाच्या कनवटीला तिन्ही चाव्या!

"तुमच्यापैकी तिघे अजून हजर आहात ना?" मी त्याला विचारले. "मग निवृत्तीच्या अर्जावर तिघांच्या तीन आंशिक सह्या पुरेत. जुळवावयाचे कशाला?" यावर त्यानेच मला सांगितले की ७ मे २०२५ रोजी झालेल्या इथेरियमच्या सुधारणेनंतर, ठेव परत घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्यालाही व्हॅलिडेटरला निवृत्त होण्याची आज्ञा देता येते. म्हणजे किल्ली जुळविण्याचे कारण पूर्वीपेक्षा कमीच झाले आहे. तो हे सांगत असतानाच हसला. उत्तर त्याच्यापाशीच होते.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. कंटाळलेल्या मित्राची समजूत घालून तिघांनी आपापल्या ठिकाणी बसून सह्या केल्या. व्हॅलिडेटर निवृत्त झाला, ठेव चौघांच्या समाईक खात्यात परत आली आणि प्रत्येकाने आपले आठ इथर घेतले. सबंध किल्ली कोणीच पाहिली नाही. मुख्य म्हणजे पुढच्या चतुर्थीला ते चौघेही एकमेकांच्या घरी जेवावयास जाणार आहेत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही अशा ठेवी ठेवाव्यात म्हणून मी हे लिहिले नाही. तुमची ठेव सध्या वह्या-पुस्तकांत आहे ती पुरे. परंतु उद्या तुम्ही वर्गाच्या सहलीचा निधी सांभाळाल, वाचनालयाचे कपाट सांभाळाल, मोठेपणी गावच्या देवस्थानाचे, पतपेढीचे वा संस्थेचे कारभारी व्हाल. तेव्हा कोणीतरी प्रेमाने म्हणेल, "तू विश्वासू आहेस, सर्व चाव्या तुझ्याचकडे असू देत." तो सन्मान वाटेल. त्या वेळी माझ्या आजोबांची आठवण करा, आणि हसून म्हणा, "एक मजपाशी असू द्या, बाकीच्या दुसऱ्यांना द्या." असे म्हणणारा मनुष्य कमी विश्वासू ठरत नाही. माझ्या मते तर विश्वास ठेवण्यास तोच सर्वांत योग्य होय.